पंप कपाटात आणि कलौंजी हातात

घरातल्या बुजुर्गांना दोन पायऱ्या चढताना धाप लागते, सकाळी कफ सुटता सुटत नाही आणि डॉक्टर ‘सीओपीडी’ असे लिहून देतात. मग नातेवाईक येतात. कुणी कलौंजीचे तेल आणते, कुणी हिजामा सुचवते, कुणी व्हिटॅमिनची बाटली. पंप मात्र ‘सवय लागेल’ म्हणून कपाटात जातो. आपल्या घरांत खरे नुकसान इथेच होते.

पंपाची सवय लागत नाही. आकसलेल्या श्वासनळ्यांपर्यंत औषध थेट पोचते, तेही गोळीच्या मानाने फार थोडे. हदीसमध्ये कलौंजीला शिफा म्हटले आहे, त्यावर आपली श्रद्धा आहे, पण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी इलाज करून घ्यायलाही सांगितले आहे. जेवणात चिमूटभर कलौंजी, कोमट पाण्यात मध खुशाल घ्यावे (शुगर असेल तर मध जपून), फक्त पंपाच्या जागी नव्हे.

व्हिटॅमिनचेही तसेच. २०१५ साली इंग्लंडमधील २४० रुग्णांवरील अभ्यासात ‘ड’ जीवनसत्त्वाने आजार उफाळणे कमी झाले, पण ज्यांच्या रक्तात ते मुळात कमी होते त्यांच्यातच. म्हणजे आधी रक्त तपासा. आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी बीटा कॅरोटीनच्या गोळ्या घेऊच नयेत. फिनलंडमध्ये एकोणतीस हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला. १९९४ साली कळले की या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त निघाला. ताटातल्या गाजराला ही भीती नाही.

सर्वांत जास्त भीती बिनलेबलच्या पुडीची. दोन दिवसांत आराम पडला, भूक वाढली, चेहरा सुजला, तर त्यात स्टेरॉइड असू शकते. ती पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. बरेच दिवस घेतली असेल तर एकदम बंद करणेही धोक्याचे.

धुराबद्दल आपण बोलतच नाही. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या, कधी बिडी न ओढलेल्या दादी-नानींनाही हा आजार होतो. त्यांच्या खोलीत जुमेरातीची लोबानाची धुनी नको. अत्तर लावा, तेही हलके.

रमजानचा प्रश्न दरवर्षी येतो. रोज्यात पंप चालतो का, यावर उलेमांची मते वेगवेगळी आहेत. आपल्या आलिमांना विचारावे. पण दिवसातून एकदा किंवा दोनदा घ्यायचे पंपही असतात. ते सेहरी आणि इफ्तारला बसवता येतील का, हे शाबानमध्येच डॉक्टरांना विचारून घ्यावे. दम अडकला तर मात्र पंप लगेच घ्यावा. आजाऱ्याला रोजा नंतर ठेवण्याची आणि ते शक्यच नसेल तर फिदियाची सवलत आहे.