हातची वस्तू : तिची पारख आणि तिचे वर्णन

‘हातच्या कांकणाला आरसा कशाला?’ अशी आपल्याकडे म्हण आहे. वस्तू डोळ्यांसमोर असेल तर तिच्याविषयी दुसऱ्या कोणी साक्ष देण्याची गरज नाही, असा तिचा आशय. बाजारपेठेत ही म्हण खरी ठरते. गिऱ्हाईक चप्पल हातात घेते, तळ वाकवून पाहते, शिवण चाचपते, पायात घालून चार पावले चालते आणि मगच भावाची गोष्ट काढते. परंतु आज हस्तकलेच्या पुष्कळशा वस्तू ऑनलाइन दुकानातून विकल्या जातात. तेथे कांकण हातात नसते. असतात ती चारपाच छायाचित्रे आणि दहाबारा ओळी. म्हणजे येथे आरशावाचून गत्यंतर नाही. हा आरसा दोन बाजूंनी तयार होतो. एक बाजू म्हणजे विक्रेत्याने आधी लिहिलेले वर्णन. दुसरी म्हणजे ग्राहकाने नंतर लिहिलेला अभिप्राय. हे दोन्ही प्रकार वस्तुतः गद्यलेखनाचेच आहेत, आणि म्हणून कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी त्यांचा विचार करणे अप्रस्तुत ठरू नये. विवेचनाच्या सोयीसाठी आपण एकच वस्तू घेऊ : कोल्हापुरी चप्पल.

वस्तू कशी घडते?

ज्या वस्तूची घडण ठाऊक नाही तिची पारख करता येत नाही. कोल्हापुरी चपलेचे कातडे परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा यांच्या अर्कात कमावतात. जुन्या पद्धतीत कातडे पिशवीसारखे शिवून त्यात हा अर्क भरतात आणि ती पिशवी टांगून ठेवतात. झाडपाल्याने कमावलेल्या या कातड्याचा मूळ रंग फिकट तपकिरी असतो. वापराने व तेलपाण्याने तो गडद होत जातो. तळासाठी म्हशीचे जाड कातडे, तर वेणीसारख्या नाजूक कामासाठी बकरीचे पातळ कातडे वापरतात. रापीने तळ कापायचा, आरीने भोके पाडायची आणि कातड्याच्याच वादीने शिवण घालायची, ही खरी रीत. अस्सल जोडात खिळा नसतो. दोन्ही बाजूंचे ‘कान’, अंगठा, पट्टा आणि त्यावरील वेणी हे तिचे ठळक अवयव होत.

हे काम एका माणसाचे नव्हे. कातडे कमावणारे वेगळे, चप्पल शिवणारे वेगळे. आणि वेणी गुंफण्याचे, नक्षीकामाचे बरेचसे काम घरातील स्त्रिया करतात. राजर्षी शाहू महाराजांनी या व्यवसायाला उत्तेजन दिले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. तथापि चामड्याचे काम करणाऱ्यांना समाजाने शतकानुशतके हीन लेखले, हेही तितकेच खरे. चप्पल मिरवली गेली आणि ती करणारा उंबऱ्याबाहेर राहिला. तेव्हा वस्तूच्या वर्णनात करणाऱ्याचा उल्लेख असावा की नसावा, हा प्रश्न केवळ विक्रीकलेचा राहत नाही.

पारख : चार प्रकारचे दोष

यंत्रावरची वस्तू आणि हातची वस्तू यांना एकच गज लावता येत नाही. यंत्रावरच्या हजार वस्तू एकमेकींसारख्या असाव्यात, ही अपेक्षा रास्त आहे. हातच्या वस्तूत थोडा फरक पडणारच. पण म्हणून हातच्या वस्तूतील प्रत्येक उणेपणा ‘कलेचा स्पर्श’ म्हणून गोड मानून घ्यावा, असेही नाही. अभिप्राय लिहिण्यापूर्वी आपली तक्रार पुढील चारांपैकी कोणत्या प्रकारात बसते, हे पाहिले तर पुष्कळ गोंधळ टळेल.

पहिला, वस्तूचा दोष. महिनाभरात शिवण उसवली, तळाचे थर सुटले, एक चप्पल दुसरीपेक्षा बोटभर लांब निघाली, वादीचे टोक पायाला टोचते, हे खरे दोष होत. हातचे काम ही त्यावरची सबब होऊ शकत नाही. चांगला कारागीर स्वतःच ती देणार नाही.

दुसरा, वर्णनाचा दोष. झाडपाल्याने कमावलेले कातडे पावसात भिजले की कडक होते आणि आकार सोडते. ही या वस्तूची प्रकृतीच आहे. परंतु दुकानाच्या पानावर तसे लिहिले नसेल आणि ग्राहकाने जुलैत चप्पल घालून चिखल तुडवला, तर चूक चपलेची नाही, ग्राहकाचीही फारशी नाही. ती वर्णनाची आहे.

तिसरा, अपेक्षेचा दोष. दोन चपलांच्या रंगात किंचित छटाभेद असणे, पहिले काही दिवस चप्पल ताठ वाटणे, नव्या कातड्याला वास येणे, हे सर्व त्या कातड्याचे गुणधर्म आहेत. वर्णनात ते स्पष्ट नोंदवलेले असूनही एखाद्याने त्यासाठी एकच तारा दिला, तर तो आंब्याला कोय असल्याची तक्रार करीत आहे, असे म्हणावे लागेल.

चौथा, वाहतुकीचा दोष. पार्सल आठ दिवस उशिरा आले, खोके चेपले, पोचविणारा उद्धटपणे बोलला. ही तक्रार रास्त असली तरी तिचा पत्ता वेगळा आहे. ती वस्तूच्या अभिप्रायात लिहिली की ताऱ्यांची सरासरी घसरते आणि फटका बसतो तो कारागिराला. मोठ्या दुकानाचे शेकडो अभिप्राय असतात. त्यात एक वाईट अभिप्राय विरून जातो. ज्याचे जेमतेम पाचसात अभिप्राय आहेत, त्याचे मात्र पुढचे गिऱ्हाईक त्या एका ओळीने परत जाऊ शकते.

चांगला अभिप्राय म्हणजे काय?

‘खूप छान’, ‘एक नंबर’, ‘पैसे वाया गेले’ हे उद्गार आहेत, अभिप्राय नव्हेत. रसग्रहणाच्या उत्तरपत्रिकेत ‘कविता सुंदर आहे’ एवढेच लिहिले तर किती गुण मिळतील? येथेही तोच न्याय लावावा. वाचणाऱ्याला निर्णय घेता येईल इतकी माहिती अभिप्रायात हवी : किती दिवस वापरली, कशासाठी वापरली, माप कसे निघाले, वर्णनाशी जुळले का आणि काय जुळले नाही. नमुन्यादाखल असे लिहिता येईल :

‘तीन महिने रोज वापरली, पावसात नाही. पहिला आठवडा अंगठ्याजवळ घासत होती; तेल लावल्यावर नरम झाली. नेहमीच्या बुटाचेच माप मागवले, ते अर्ध्या बोटाने सैल निघाले. शिवण घट्ट आहे. रंग छायाचित्रापेक्षा फिकट आला, पण आता गडद होत आहे.’

या पाच ओळींत स्तुतीचा एकही शब्द नाही, तरी वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. यात दाखवलेल्या उणिवा कारागिराच्याही उपयोगाच्या आहेत. प्रशंसा करायची तर नेमक्या गोष्टीची करावी आणि दोष दाखवायचा तर तो दुरुस्त होईल अशा शब्दांत दाखवावा.

येथे कायद्याचाही थोडा संबंध येतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली केंद्र शासनाने २०२० मध्ये ई-व्यापाराचे नियम केले. त्यांनुसार विक्रेत्याने स्वतःच ग्राहक बनून आपल्या मालाविषयी अभिप्राय लिहिणे निषिद्ध आहे, आणि जाहिरातीत सांगितलेले गुण प्रत्यक्ष मालात नसतील तर माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे स्वतंत्र मानकही प्रसिद्ध केले. अर्थात घरच्या भावंडांकडून पाच पाच तारे लिहवून घेण्याची युक्ती आता निरुपद्रवी गंमत राहिलेली नाही.

वर्णन : विशेषणे कमी, माहिती अधिक

आता आरशाच्या दुसऱ्या बाजूकडे वळू. ऑनलाइन दुकानांतून सर्रास आढळणाऱ्या धाटणीचे हे एक कल्पित वर्णन पाहा :

‘अप्रतिम, आकर्षक, अस्सल पारंपरिक हस्तनिर्मित रॉयल कोल्हापुरी. उत्कृष्ट दर्जा. भेट देण्यासाठी सर्वोत्तम. त्वरा करा!’

यात विशेषणे पुष्कळ आहेत. माहिती मात्र ‘हस्तनिर्मित’ आणि ‘कोल्हापुरी’ एवढीच. कातडे कोणते, माप कोणते, पावसात चालेल का, शिवलेली की चिकटवलेली, याचा पत्ता नाही. यंत्रावर बनवलेल्या रेक्झिनच्या चपलेचे वर्णनही याच शब्दांत करता येते, आणि केले जाते. अस्सल वस्तूचे याहून मोठे नुकसान कोणते? नकलेची भाषा वापरली की अस्सलालाही नकलेचाच भाव येतो. हेच वर्णन पुढीलप्रमाणे करून पाहू :

‘पुरुषांची कोल्हापुरी चप्पल, कापशी धाटणी, नैसर्गिक तपकिरी रंग. तळ म्हशीच्या कातड्याचा, वेणी बकरीच्या कातड्याची. कातडे बाभळीच्या सालीत व हिरड्यात कमावलेले. शिवण वादीची, खिळा नाही. पाऊल २५ ते २५.५ सेंटिमीटर असल्यास हे माप घ्यावे. प्रत्येक जोडाच्या छटेत थोडा फरक असतो. पहिले आठ दिवस ताठ वाटेल. पावसात वापरू नये. भिजल्यास सावलीत वाळवून तेल लावावे. मागणी आल्यावर शिवायला घेतो, म्हणून दहा दिवस लागतात.’

हे वाचून एखादे गिऱ्हाईक परत जाईल, हे खरे. ज्याला पावसाळी चप्पल हवी होती ते जाईल. आणि ते जाणेच इष्ट. परत आलेला जोड आणि रागाचा अभिप्राय यांपेक्षा न झालेली विक्री स्वस्त पडते.

वर्णन सुधारताना आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. शीर्षकात आधी वस्तूचे रूढ नाव यावे, कारण गिऱ्हाईक शोधते ते ‘कोल्हापुरी चप्पल’. ‘राजवैभव’ या नावाने ती कोणी शोधत नाही. माप सेंटिमीटरात द्यावे आणि कागदावर पाऊल ठेवून टाचेपासून अंगठ्यापर्यंत कसे मोजायचे, तेही सांगावे. छायाचित्रे दिवसाच्या उजेडात, सावलीत काढावीत : एक पूर्ण जोडाचे, एक तळाचे, एक शिवणीचे अगदी जवळून आणि एक पायात घातलेले. रंग खुलवण्याचे तंत्र वापरू नये. खुललेला रंग पडद्यावर शोभतो आणि पार्सल उघडताच अंगलट येतो. तसेच तीन गिऱ्हाइकांनी एकच शंका विचारली, तर तिचे उत्तर वर्णनात घालावे. अभिप्राय हे असे वर्णनाचे मुद्रितशोधन करीत असतात.

‘अस्सल’ या शब्दाविषयी मात्र विशेष दक्षता हवी. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे. तेव्हा बेळगावकडच्या कारागिराची चप्पल ‘खरी नव्हे’ असे म्हणणे चूक. आणि या जिल्ह्यांबाहेर कारखान्यात बनलेल्या जोडाला हे नाव लावणे त्याहून मोठी चूक. जे सिद्ध करता येते तेवढेच लिहावे.

नाव गाळले की काय होते?

वर्णनातील एका ओळीचे मोल किती, याचे ठळक उदाहरण २०२५ च्या जून महिन्यात घडले. प्राडा या इटालियन कंपनीने मिलान येथील प्रदर्शनात कोल्हापुरीच्या धाटणीची पादत्राणे सादर केली. पण त्यांचा उल्लेख केला तो नुसता चामडी सँडल म्हणून. कोल्हापूरचे नाव नाही, भारताचेही नाही. महाराष्ट्रातून व देशभरातून आक्षेप घेतले गेल्यावर ही रचना भारतीय हस्तनिर्मित पादत्राणांवरून सुचल्याचे कंपनीने मान्य केले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाल्याचे जाहीर झाले. येथे वाद चपलेच्या आकारापुरता नव्हता; वर्णनातून गाळलेल्या नावाचा होता.

परदेशी कंपनीला आपण दोष दिला, तो योग्यच. परंतु आपल्याकडील ऑनलाइन दुकानांतून तरी चप्पल कोणी शिवली, वेणी कोणी गुंफली, हे किती ठिकाणी लिहिलेले असते? कारागिराच्या संमतीने त्याचे नाव, गाव आणि जोडाला लागलेले दिवस लिहिले, तर गिऱ्हाइकाला किमतीचा अर्थ कळतो. दोन दिवसांच्या श्रमाची किंमत आहे हे ठाऊक असलेला माणूस घासाघीस करताना एकदा तरी थबकतो. वेणी गुंफणाऱ्या स्त्रीचे काम वर्णनात आले, तर ते हिशेबातही येण्याची शक्यता वाढते. जे काम लिहिले जात नाही त्याचे पैसे मागणे कठीण जाते.

विद्यार्थिमित्रहो, येथे आपल्याला करण्याजोगे काहीतरी आहे. उत्तम काम करणाऱ्या पुष्कळ कारागिरांना आपल्या वस्तूविषयी लिहिता येत नाही, किंवा लिहायला सवड नाही. ज्यांना लिहिता येते त्यांना वस्तू कशी घडते ते ठाऊक नाही. ही दोन माणसे एकत्र बसली पाहिजेत. आपल्या गावातील किंवा परिसरातील एक वस्तू निवडा : चप्पल, घोंगडी, बुरडाची सूप-टोपली, कुंभाराचे माठ, काहीही. ती करणाऱ्याच्या सवडीने त्याच्याकडे जाऊन सहा प्रश्न विचारा : कशापासून करता, कशी करता, किती दिवस लागतात, किती टिकते, कशाने बिघडते आणि कोणाकोणाचे हात लागतात. उत्तरांवरून सव्वाशे शब्दांचे वर्णन लिहा, ते त्याला वाचून दाखवा आणि तो सांगेल ते दुरुस्त करा. ऑनलाइन दुकान असो वा नसो, ते वर्णन त्याच्याजवळ राहू द्या. निबंधाचा याहून चांगला सराव सहसा मिळणार नाही, आणि हा निबंध वाचून कोणाच्या तरी घरी चार पैसे अधिक जाऊ शकतील.