मुक्तस्रोत प्रकल्पाचा स्वतःचा पत्ता

प्रास्ताविक : मुक्तस्रोत प्रकल्पांची संहिता बहुधा एखाद्या यजमान सेवेवर ठेवली जाते. सोर्सफोर्ज १९९९ मध्ये, गूगल कोड २००६ मध्ये आणि गिटहब २००८ मध्ये सुरू झाले. जागा विनामूल्य मिळते, मात्र प्रकल्पाच्या पत्त्यात नाव यजमानाचे असते. गूगल कोड जानेवारी २०१६ मध्ये बंद झाले, तर कोडप्लेक्स २०१७ मध्ये. प्रकल्पांना दुसरीकडे जावे लागले आणि पुस्तकांत, टिपणांत छापलेले पत्ते जुने ठरले. स्वतःचे डोमेन असेल तर यजमान बदलला तरी पत्ता तोच राहतो.

कार्यपद्धती : डोमेन हे नाव नोंदणीदाराकडून ठरावीक मुदतीसाठी शुल्क भरून घेतले जाते. त्यानंतर दोन ठिकाणी नोंद करावी लागते. गिटहबवर पहिली नोंद प्रकल्पाच्या सेटिंग्जमधील 'पेजेस' विभागात 'कस्टम डोमेन' या रकान्यात होते. दुसरी डीएनएसमध्ये होते. उपनावासाठी 'सीनेम' नोंद यजमानाच्या नावाकडे बोट दाखवते. मूळ नावासाठी 'ए' नोंदीत आयपी क्रमांक द्यावा लागतो. हा बदल सर्वत्र पोहोचण्यास २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो.

दोन्ही नोंदी का लागतात? एकाच आयपी क्रमांकावर हजारो संकेतस्थळे असतात. ब्राउझर विनंतीसोबत हवे असलेले नावही पाठवतो आणि त्यावरून सर्व्हर योग्य संकेतस्थळ निवडतो. यजमानाकडे ते नाव नोंदलेले नसेल, तर '४०४' हा त्रुटिसंदेश दिसतो.

मुखपृष्ठाचा दुवा : संहितेच्या पानावरील 'वेबसाइट' रकान्यात व 'रीडमी' फाइलमध्ये नवा पत्ता द्यावा. संकेतस्थळावरूनही संहितेकडे व परवान्याकडे दुवा असावा. अन्यथा वाचकाला एक सापडते, दुसरे सापडत नाही.

दक्षता : संकेतस्थळ काढून टाकले, पण डीएनएसमधील नोंद तशीच राहिली, तर त्या पत्त्यावर परकी व्यक्ती स्वतःची पाने लावू शकते. म्हणून आधी डीएनएसमधील नोंद काढावी. डोमेनची मालकी यजमानाकडे पडताळून घेण्याची सोयही वापरावी.

समारोप : महाविद्यालयीन प्रकल्पात तांत्रिक चुकीपेक्षा मालकीची चूक महाग पडते. डोमेन एखाद्या विद्यार्थ्याच्या खात्यावर असेल, तर तो उत्तीर्ण होऊन गेल्यावर नूतनीकरण राहून जाते आणि नाव हातचे जाते. म्हणून नोंदणी संस्थेच्या नावाने व संस्थेच्या ई-मेलवर करावी आणि नूतनीकरणाची तारीख विभागाच्या नोंदवहीत लिहून ठेवावी.