पावावरचं पांढरं जाळं

बेळगावच्या कॅम्पात पावसाची झड लागली की बेकरीतून आणलेला पाव दोन-चार दिवसांतच दगा देतो. भिंग घेऊन त्याकडे पाहा. आधी कापसासारखे पांढरे तंतू दिसतात. मग त्यांच्या टोकांवर टाचणीच्या डोक्यासारखे बारीक काळे ठिपके येतात. ही रायझोपस नावाची बुरशी. त्या प्रत्येक ठिपक्यात हजारो बीजाणू असतात.

भट्टीच्या उष्णतेत बुरशी मरते. पाव निवताना, कापताना हवेतले बीजाणू त्यावर नव्याने बसतात आणि दमट हवेत रुजतात.

'रुजतात' म्हटलं, तरी बुरशी ही वनस्पती नव्हे. तिच्यात हरितद्रव्य नसतं, त्यामुळे उन्हावर तिला अन्न बनवता येत नाही. ती पावावर पाचक रस सोडते, पिठूळ भाग बाहेरच विरघळवते आणि मग शोषून घेते. वनस्पतींच्या पेशीभित्तिका सेल्युलोजच्या असतात. बुरशीच्या कायटिनच्या, म्हणजे झिंग्याच्या कवचात असतं त्याच द्रव्याच्या. म्हणूनच १९६९ साली शास्त्रज्ञ व्हिटेकर यांनी पंचसृष्टी वर्गीकरणात बुरशींना स्वतंत्र सृष्टी दिली.

बुरशीचे उपकारही मोठे आहेत. पेनिसिलियम या बुरशीपासून मिळणारं पेनिसिलिन आपल्याकडे पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५० च्या दशकात बनू लागलं.

पण घरच्या पावावरची बुरशी औषध नव्हे. डाग तेवढा कापून उरलेला पाव खाऊ नका. डोळ्यांना न दिसणारे तंतू आतवर पोचलेले असतात. असा पाव न हुंगता सरळ टाकून द्या.