कोडचं गाठोडं कसं बांधतात?

साहित्य मंडळाच्या अंकात कोडवर लेख म्हटल्यावर निम्मे वाचक सरळ पुढच्या कवितेवर जातील, म्हणून आधीच सांगते: या लेखात कोडची एकही ओळ नाही. प्रश्न मात्र आपल्या ओळखीचा आहे. एका माणसानं लिहिलेलं दुसऱ्या, अगदी अनोळखी माणसाच्या कामी कसं येतं? आणि लिहिणारा थकला, कंटाळला किंवा गेला, तर त्या लिखाणाचं पुढे काय होतं? हस्तलिखितं, पाठभेद, आवृत्त्या हे सगळं आपण वर्गात शिकतो. प्रोग्रामर लोक याच प्रश्नांशी रोज झगडत असतात.

आधी शब्द समजून घेऊ. प्रोग्रामर ज्याला लायब्ररी म्हणतात ते ग्रंथालय नव्हे. एखादं ठरावीक काम करणारा, पुन्हा पुन्हा वापरता येईल असा तयार कोड म्हणजे लायब्ररी. समजा, आपल्यापैकी कुणीतरी कवितेच्या ओळीतल्या मात्रा मोजणारा कोड लिहिला. लघू अक्षराची एक मात्रा, गुरू अक्षराच्या दोन. तो त्याच्या लॅपटॉपवर झकास चालतो. पण उद्या इंदूरच्या कुणाला तोच हवा असेल तर? ईमेलनं फाइल पाठवली, तरी ती कुठे ठेवायची, कशी चालवायची, दुरुस्ती झाली तर नवी कुठून घ्यायची, हे प्रश्न उरतातच. कोड लिहिणं हे अर्धं काम झालं. तो लेखकाशिवाय चालेल असा बांधून देणं, हे उरलेलं अर्धं.

या उरलेल्या अर्ध्या कामाची रीत ज्यांनी फार लवकर बसवली, त्यांत पर्ल भाषेचे लोक येतात. पर्ल १९८७ साली लॅरी वॉल यांनी तयार केली. ते मुळात भाषाविज्ञानाचे विद्यार्थी. भाषेचं नावही त्यांनी मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या मोलवान मोत्याच्या दृष्टान्तावरून सुचवलं होतं. त्या नावाची दुसरी एक भाषा आधीपासूनच होती, म्हणून स्पेलिंगमधलं एक अक्षर गाळलं. १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये या भाषेच्या लोकांनी एक सार्वजनिक कोठार उघडलं. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार 'सीपॅन' असा करतात. टेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीसाठी असं कोठार आधीच होतं, त्याच धर्तीवर हे उभं राहिलं. आज तिथे १४ हजारांहून जास्त लेखकांची दोन लाखांहून अधिक मॉड्यूलं आहेत. मॉड्यूल म्हणजे पर्लवाल्यांच्या बोलीत लायब्ररीचा एक सुटा भाग.

आता आपला मात्रा मोजणारा कोड तिथे न्यायचा आहे असं समजू.

पहिली गोष्ट नाव. दोन लाख वस्तूंच्या कोठारात 'मात्रा' एवढंच नाव ठेवून भागत नाही. मात्रा औषधाचीही असते. म्हणून नावं घराण्यासारखी जोडून लिहितात: आधी शाखा, मग उपशाखा, मग वस्तू. भाषेशी संबंधित मॉड्यूलं 'लिंग्वा' या शाखेत जातात. डेमियन कॉनवे यांनी तर या शाखेत लॅटिन व्याकरणात पर्ल लिहायची सोय करून ठेवली आहे! त्याखाली भाषेचा दोन अक्षरी संकेत, मराठीसाठी 'एमआर', आणि शेवटी कामाचं नाव. जो एखादं नाव पहिल्यांदा नोंदवतो, त्या नावावर त्याचा हक्क. दुसऱ्यानं त्याच नावानं काही चढवलं, तर अनुक्रमणिका ते अधिकृत मानत नाही.

दुसरी गोष्ट गाठोडं. नुसती कोडची फाइल पाठवून चालत नाही. सोबत वापराची माहिती हवी, आत काय काय आहे त्याची यादी हवी, प्रत्येक आवृत्तीत काय बदललं त्याची नोंद हवी, आणि परवाना हवा. परवाना म्हणजे 'हे कोण, कसं वापरू शकतं' याचं लेखी उत्तर. ते नसेल तर कोड डोळ्यांसमोर असूनही दुसऱ्याला तो निर्धास्तपणे वापरता येत नाही.

तिसरी गोष्ट चाचण्या, आणि मला सगळ्यात आवडलेली हीच. 'सत्य' या शब्दात जोडाक्षराचा आघात 'स'वर येतो, म्हणून 'स' गुरू. एकूण मात्रा तीन. पण 'तुझ्या'मध्ये जोडाक्षर असूनही 'तु'वर आघात येत नाही, म्हणून तो लघूच राहतो. नियम आंधळेपणानं लावणारा कोड इथे हमखास फसणार. म्हणून लेखक गाठोड्यातच लिहून ठेवतो: 'तुझ्या'चं उत्तर तीन यायला हवं, चार आलं तर कुठेतरी बिघडलंय. पाच वर्षांनी कुणी दुरुस्ती करायला बसला, तरी हे उदाहरण त्याला थांबवतं. लेखकाच्या डोक्यातलं ज्ञान असं कागदावर उतरतं. पर्लच्या जगात तर काही स्वयंसेवक नव्यानं आलेली गाठोडी आपापल्या वेगवेगळ्या संगणकांवर उघडून या चाचण्या चालवतात आणि निकाल जाहीर करतात. हे काम १९९८ पासून सुरू आहे.

चौथी गोष्ट अवलंबन. इथे आपलंच उदाहरण घ्या. जुनी मराठी फाइल उघडली की कधी कधी पानभर निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसतात. मजकूर हरवलेला नसतो. तो ज्या विशिष्ट फाँटवर अवलंबून असतो, तो फाँट आपल्याकडे नसतो, एवढंच. कोडचंही तसंच. आपलं मॉड्यूल अक्षरं सुटी करायला दुसऱ्या कुणाचं मॉड्यूल वापरतं, ते तिसऱ्याचं. म्हणून 'मला कोणकोण लागतं' ही यादी गाठोड्यात असतेच. ती वाचून संगणक आपोआप सगळं आणून देतो. सोय मोठी आहे, आणि धोकाही इथेच आहे.

तो धोका २२ मार्च २०१६ ला सगळ्यांना दिसला. जावास्क्रिप्ट भाषेचं 'एनपीएम' नावाचं कोठार आहे. तिथे एका लेखकाच्या मॉड्यूलच्या नावावरून एका कंपनीशी वाद झाला. कोठाराच्या चालकांनी नाव कंपनीला दिलं. चिडून त्यानं आपली अडीचशेहून जास्त मॉड्यूलं काढून घेतली. त्यांत 'लेफ्ट-पॅड' नावाचं एक होतं, जेमतेम ११ ओळींचं. शब्दाच्या डावीकडे मोकळ्या जागा भरून त्याची लांबी सारखी करायची, एवढंच त्याचं काम. पण मोठमोठी साधनं साखळीनं त्यावर टेकलेली होती, आणि जगभरच्या प्रोग्रामरांची कामं अडली. चालकांनी काही तासांत ते परत आणलं. पुढे नियमही बदलला: प्रकाशित होऊन ठरावीक काळ उलटला, की लेखकाला मॉड्यूल सहजासहजी मागे घेता येणार नाही.

लेखकाचा हक्क मोठा की वाचकाचा भरवसा? साहित्यातही हा वाद आहेच. सीपॅननं यावर मधला मार्ग काढला आहे. लेखक आपलं मॉड्यूल काढू शकतो, पण 'बॅकपॅन' नावाच्या जुन्या कोठारात त्याची प्रत राहते. शिवाय एकदा चढवलेल्या फाइलच्या जागी त्याच नावाची दुसरी फाइल ठेवता येत नाही. चूक सापडली तर नव्या क्रमांकाची आवृत्ती काढायची. छापून गेलेलं पान गुपचूप बदलायची सोय नाही.

सगळ्यात अवघड प्रश्न वारसाचा. २०१८ साली एनपीएमवरच्या 'इव्हेंट-स्ट्रीम' या लोकप्रिय मॉड्यूलच्या लेखकानं ते एका अनोळखी माणसाकडे सोपवलं. लेखकाला स्वतःला आता ते लागत नव्हतं, सांभाळायचे पैसेही मिळत नव्हते, आणि समोरचा मदत करतो म्हणत होता. नव्या माणसानं आत बिटकॉइनची पाकिटं चोरणारा कोड घातला. लेखकाला दोष देणं सोपं आहे. पण हजारो लोक फुकट वापरत असताना, सांभाळायला मात्र तो एकटाच होता.

पर्लच्या लोकांनी यासाठी एक साधी रीत ठेवली आहे. ज्याला सांभाळणं जमत नाही तो तसं जाहीर करू शकतो. मॉड्यूलच्या नोंदीत 'मला दत्तक घ्या' किंवा 'मदत हवी' अशा अर्थाची खूण लावायची सोय आहे. सहसांभाळकर्ता नेमता येतो. मूळ लेखकाशी काही केल्या संपर्क होत नसेल, तर इच्छुकानं चारचौघांत तसं सांगायचं, वाट पाहायची, आणि मग कोठाराचे व्यवस्थापक ठरवतात. यानं धोका संपत नाही. पण हस्तांतर उघड्यावर होतं, आणि 'मला आता जमत नाही' असं म्हणायला लाजावं लागत नाही.

हे वाचताना मला आपल्याच मंडळाचा विचार येत राहिला. दर तीन वर्षांनी इथली पिढी बदलते. जुने अंक, त्यांचे फाँट, कुठली फाइल शेवटची, कुणाची परवानगी घेतली होती, हे सगळं कुणाच्या तरी डोक्यात असतं, आणि ते डोकं पदवी घेऊन निघून जातं. दोन लाख मॉड्यूलांची गरज आपल्याला नाही. या अंकाच्या फाइलींसोबत एक पानभर टिपण ठेवलं तरी पुरे: आत काय आहे, काय लागतं, काय बदललं, आणि आता कुणाला विचारायचं. शेवटच्या ओळीत नाव असलेल्यानं जाताना तिथे पुढच्याचं नाव लिहायचं.