गुडघेदुखी, ग्लुकोसामाइन आणि कालामसुत्त

गुडघे किंवा कंबर दुखू लागली की ग्लुकोसामाइनच्या महागड्या गोळ्या सुचवल्या जातात. कुणी सांगितले म्हणून मानू नका, तपासून पाहा, ही कालामसुत्ताची शिकवण इथेही लागू पडते. अमेरिकेत गुडघेदुखीच्या १,५८३ रुग्णांवरील चाचणीत (२००६) ग्लुकोसामाइन एकंदरीत औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरले नाही. नॉर्वेत कंबरदुखीच्या २५० रुग्णांवरील चाचणीचा (२०१०) निष्कर्षही तोच. रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेणाऱ्यांना तर या गोळ्यांमुळे रक्तस्रावाचा धोका संभवतो. याउलट मांड्यांचे स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि आटोक्यातले वजन यांचा गुडघ्यांना खरा फायदा होतो. तरुणांनो, रविवारी विहारात वंदनेनंतर ज्येष्ठांना हे समजावून सांगा. घामाचा पैसा खऱ्या उपचारावर खर्च होऊ द्या.