मिसळणारे द्रव आणि रासायनिक विक्रिया

जड द्रव हलक्या द्रवाच्या वर आला, तर दोहोंमधील सीमा फार काळ सपाट राहत नाही. पेल्यातील पाण्यावर गुळाचा पातळ पाक हलकेच सोडावा. तो एकसारख्या थराने उतरत नाही, त्याला बोटांसारखे फाटे फुटून ते तळाकडे धावतात. यालाच प्रवाहाचे अस्थैर्य म्हणतात. मिसळताना रासायनिक विक्रियाही घडली, तर हे अस्थैर्य वाढते किंवा मंदावते. विक्रियेमुळे द्रवाची घनता कशी बदलते, यावर ते अवलंबून असते.

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेतील नव्हे. कार्बन डायऑक्साइड वायू हवेत न सोडता भूगर्भात साठविण्याचे काम नॉर्वेच्या स्लाइपनर क्षेत्रात १९९६ मध्ये सुरू झाले. खोल खडकांतील खाऱ्या पाण्याहून हा वायू हलका असल्याने तो वर चढतो व अभेद्य खडकाच्या छताखाली साचतो. छतास भेग असल्यास तो निसटण्याचे भय असते. परंतु वायू विरघळलेले पाणी किंचित जड होऊन फाट्यांच्या रूपाने खाली जाते आणि त्याच्या जागी ताजे पाणी वर येते. त्यामुळे वायू पुष्कळ लवकर विरघळतो.

येथे खडकाचा स्वभाव महत्त्वाचा ठरतो. रायपूर शहर, त्यातील चौबे कॉलोनीसह, ज्या छत्तीसगढ खोऱ्यात वसले आहे, तेथे चुनखडीचे विस्तृत थर आहेत. वायुयुक्त पाणी सौम्य आम्ल असल्याने अशा खडकास विरघळविते. त्यातील कॅल्शियम पाण्यात उतरून पाणी अधिक जड होते व फाट्यांना जोर येतो.

महाराष्ट्राच्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टात, कथा पुढे जाते. खडकातून सुटलेले कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळलेल्या वायूशी संयोग पावून घन कार्बोनेटे बनतात. विद्रुत पदार्थ असा निघून गेल्याने पाणी हलके होते व फाटे मंदावतात. मात्र वायू दगडात बंदिस्त होतो. आइसलँडमधील बेसाल्टात २०१२ मध्ये पाण्यासह सोडलेल्या वायूपैकी शेकडा ९५ हून अधिक भाग दोन वर्षांच्या आत खनिजरूप झाला, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले.

तात्पर्य, साठवणीची जागा निवडताना खडकात पोकळी किती आहे, एवढेच पाहून भागत नाही. तो पाण्याशी कोणती विक्रिया करतो, हेही पाहावे लागते.