घरट्यात डोकावताना...

व्होल्टमीटर लावला की सर्किट थोडं बदलतंच. हा 'लोडिंग इफेक्ट' मी सेकंड इयरला पाठ केला, व्हायवात घडाघडा सांगितला, मार्कही मिळवले. पण त्याचा खरा अर्थ कळला तो घरच्या गॅलरीत, फिंचच्या पिंजऱ्यासमोर! (रेक्टर सर, पिंजरा घरी आहे, हॉस्टेलवर नाही!)

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या झेब्रा फिंचच्या जोडीने मडक्यात पाच अंडी घातली. हे पक्षी मूळचे ऑस्ट्रेलियाकडचे. आपल्याकडची मुनिया मात्र पाळू नका बरं का, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे.

तर मी तासातासाला मोबाईलचा टॉर्च मारून बघायचो. दर वेळी मादी फडफडत बाहेर. एके रात्री असाच डोकावलो, ती अंधारात उडाली आणि मडक्यात परत गेलीच नाही. सकाळी अंडी गार. पुढचे दोन दिवस दोघंही अंड्यांकडे फिरकले नाहीत. आई एवढंच म्हणाली, "अरे, बाळंतिणीच्या खोलीत कुणी असं सारखं डोकावतं का?"

सुट्टी संपवून आल्यावर आमच्या लॅबमधल्या काकांना हे सांगितलं. त्यांच्याकडे क्वार्टरवर बरीच वर्षं फिंच आहेत. विचारलं, "काका, माझ्या हाताचा वास लागला म्हणून सोडली का हो अंडी?" काका म्हणाले, "वासाचं काही नाही रे. तू घाबरवलंस तिला." मग त्यांनी जे शिकवलं, ते तुमच्यासाठी देतो.

आधी न डोकावता ओळखायला शिका. मादी रोज एक अंडं घालते. तीन-चार अंडी होईपर्यंत जोडी नीट बसत नाही, तेव्हा सुरुवातीला अंडी गार लागली तर घाबरू नका. मग नर-मादी पाळीपाळीने बसतात. एक आत, एक बाहेर, म्हणजे सगळं ठीक. साधारण १२ ते १४ दिवसांनी पिल्लं निघतात. भरवायच्या वेळी आतून बारीक चिवचिव येते आणि ती रोज वाढत जाते. कानाने निम्मं काम होतं!

बघायचंच असेल तर दिवसा. ताजं राळं आणि पाणी ठेवा, दोघं आपणहून बाहेर येऊन खायला लागले की मगच बघा. बसलेल्या पक्ष्याला उठवायचं नाही. संध्याकाळनंतर तर मुळीच नाही. दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला लांब दांड्याचा आरसा आणि मंद टॉर्च पुरे. दिवसातून एकदा, दहा सेकंद, आणि शक्यतो एकाच माणसाने.

अंडं भरलंय का, हे सहा-सात दिवसांनी बाजूने प्रकाश टाकला की कळतं. आत लाल शिरांचं जाळं दिसतं. नुसतं पिवळसर, पारदर्शक दिसलं तर ते बहुधा रिकामं, पण लगेच काढू नका, तारीख उलटू द्या. अंडी घातल्यावर पिंजऱ्यात नवा काथ्या टाकू नका, नाहीतर नर अंड्यांवरच दुसरा मजला चढवतो!

पिल्लं लहान असताना फक्त गळ्याशी असलेली पिशवी बघा. पातळ कातडीतून आतले दाणे दिसतात. दाणे दिसले, म्हणजे पोट भरलंय. पंधरा दिवसांनंतर मात्र डोकावणं बंद! घाबरून पिल्लं पंख तयार व्हायच्या आधीच उडी मारतात. एरवी ती १८ ते २१ दिवसांत आपोआप बाहेर येतात, पण आई-बाप त्यांना पुढेही भरवत असतात. म्हणून पाच आठवड्यांपर्यंत वेगळं करू नका.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना कॅमेरा आणि इन्फ्रारेड एलईडी लावायची खुमखुमी असेल, तर तो अंड्यांच्या आधी लावा. जोडीला त्याची सवय होऊ द्या. अंडी दिसल्यावर स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गेलात तर माझ्यासारखंच होईल.

जानेवारीत जोडीने पुन्हा चार अंडी घातली. मी हॉस्टेलवर, आई घरी. तिने आरसाही लावला नाही, नुसती गॅलरीच्या दारात बसून भाजी निवडायची. एका सकाळी तिचा फोन आला, "अरे, आत चिवचिव ऐकू येतेय!"

तीन पिल्लं जगली. मी घरी नव्हतो, बहुधा म्हणूनच!